डाग आणि खूण

आजीच्या तेराव्याला तीन दिवस राहिले होते आणि घरात तिचा एकटीचा असा एकही फोटो नव्हता. आधार कार्डावरचा होता, पण त्यात ती पोलिसांनी पकडून आणल्यासारखी दिसत होती. शेवटी आईने ट्रंकेतून धाकट्या काकांच्या हळदीचा फोटो काढला. नव्वदच्या दशकातला, पोस्टकार्डाएवढा, मॅट कागदावरचा. पिवळ्या कनातीखाली वीस-पंचवीस माणसं दाटीवाटीने उभी, आणि डावीकडून तिसरी आजी. तिचा चेहरा माझ्या करंगळीच्या नखाएवढा.

तो घेऊन मी कोपरखैरण्यातल्या आमच्या चौकातल्या स्टुडिओत गेलो. स्टुडिओ म्हणजे अर्धा गाळा. पुढे झेरॉक्सचं मशीन, मागे निळा पडदा, पडद्यासमोर स्टूल, कोपऱ्यात खुंटीला एक तयार कोट आणि शिवून ठेवलेला टाय. संध्याकाळी बारा बाय पंधराची फ्रेम हातात मिळाली. पार्श्वभूमी आकाशी, कुंकू मूळच्यापेक्षा लाल, चेहरा स्वच्छ, उजळ, गुळगुळीत. मला फोटो बरा वाटला. आईने फ्रेम हातात घेतली, खिडकीशी नेली, पदराने काच पुसली. मग म्हणाली, "ह्या न्हाईत आमच्या आत्याबाई."

गोंदण गेलं होतं. आजीच्या दोन भुवयांच्या मध्ये, कुंकवाच्या खाली, एक छोटंसं हिरवट गोंदण होतं आणि हनुवटीवर तीन ठिपके. पाटण तालुक्यातल्या तिच्या माहेरी, ती दहा-अकरा वर्षांची असताना गोंदवलेलं. बाईमाणसाचे सगळे दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं वर सोबत येतं, असं ती सांगायची. जो दागिना चोर नेऊ शकत नाही, सावकार नेऊ शकत नाही, तो सॉफ्टवेअरने एका क्लिकमध्ये उतरवला होता.

मी परत स्टुडिओत गेलो तेव्हा गाळ्यातले दादा आधी गोंधळले, मग खजील झाले. "मला वाटलं, फोटोला बुरशी लागलीय," ते म्हणाले. त्यात त्यांची काही चूक होती असं मला आजही वाटत नाही. दिवसभर त्यांच्याकडे येणारं गिऱ्हाईक एकच गोष्ट मागतं: डाग काढा. बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरणारी पोरं येतात. आयबीपीएसला फोटो २०० बाय २३० पिक्सेलचा आणि २० ते ५० केबीमध्येच बसणारा लागतो, पोरं तो 'केबीत बसवून' घेतात आणि जाता जाता म्हणतात, "दादा, पिंपल तेवढे काढा." स्थळासाठी फोटो काढायला येणाऱ्या मुलीची आई म्हणते, "थोडं उजळ करा." चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स लावायचा असलेला कार्यकर्ता म्हणतो, "साहेबांच्या शेजारी माझा चेहरा उठून दिसला पाहिजे." चार बाय सहा इंचांच्या कागदावर पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटरचे आठ पासपोर्ट फोटो बसतात, आणि त्या आठांतल्या प्रत्येक चेहऱ्यावरून दादांचा ब्रश फिरलेला असतो. त्यांच्या भाषेत याला 'टचिंग' म्हणतात. फोटो काढण्याचे पैसे कमी आणि टचिंगचे जास्त, असा हा धंदा आहे.

"तुम्हीच बसा आणि सांगा, कुठं काय होतं," दादा म्हणाले. पण मागे लाइन लागली होती. मी मूळ फोटो परत मागून घेतला आणि घरच्या जुन्या लॅपटॉपवर स्वतःच बसायचं ठरवलं. तेराव्याला गावी तो चुकीचाच फोटो लागला. त्याला इलाज नव्हता.

फोटोशॉप विकत घेण्याचा प्रश्न नव्हता. नवी मुंबईत कॉलेजात असताना आमच्या पिढीने ते सीडीवरून, कुणाच्या तरी कृपेने, टाकून घेतलं होतं. २०१३ पासून कंपनी त्याच्या नव्या आवृत्त्या फक्त भाड्यानेच देऊ लागली. एका फोटोसाठी महिन्याचं भाडं कोण भरणार? मित्राने गिम्प सुचवलं. फुकट, आणि चोरीचं नसलेलं.

गिम्पची जन्मकथा मला नंतर कळली. १९९५ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ते लिहायला घेतलं आणि १९९६ मध्ये लोकांपुढे ठेवलं. नुसतं वापरायला फुकट नव्हे. आतली सगळी मांडणी उघडी, कुणीही वाचावी, बदलावी, पुढे वाटावी. आपण गिम्पमध्ये काम साठवतो त्या फाइलीच्या शेवटी 'एक्ससीएफ' अशी अक्षरं येतात. ती या दोघांच्या विद्यार्थी क्लबची, एक्सपेरिमेंटल कंप्युटिंग फॅसिलिटीची, आद्याक्षरं आहेत. कॉलेजच्या क्लबचं नाव जगभरच्या फोटोंना असं चिकटून राहिलंय. आणि गिम्पसाठी म्हणून त्यांनी जी बटणं, याद्या, खिडक्या बनवल्या, त्यांतून जीटीके नावाचं स्वतंत्र साहित्य उभं राहिलं. आज लिनक्सवरचे कितीतरी प्रोग्रॅम त्याच विटांनी बांधलेले आहेत. पुढची तीस वर्षं जगभरचे स्वयंसेवक ते वाढवत आले. मी शिकायला बसलो तेव्हा २.१० ही आवृत्ती चालू होती. मार्च २०२५ मध्ये ३.० आली.

पण फुकट मिळालेली वस्तू शिकवणार कोण? क्लासवाले डीटीपीच्या नावाखाली कोरल आणि फोटोशॉप शिकवतात, गिम्पचं नावही काढत नाहीत. इथे मदतीला आली ती खाडीपलीकडची पवई. आयआयटी मुंबईत रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी उभा केलेला 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प आहे. केंद्र सरकारच्या मदतीने उभा राहिलेला. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे दहा-दहा मिनिटांच्या आसपासचे धडे, आणि त्यांना मराठीसकट निरनिराळ्या भारतीय भाषांतले आवाज. कॉलेज नसलेल्या गावातल्या, मास्तर नसलेल्या पोराला एकट्याने शिकता यावं, असा त्यांचा बेत. पडद्याच्या अर्ध्या भागात धडा लावायचा, उरलेल्या अर्ध्यात आपलं काम करायचं, थांबवत थांबवत. गिम्पवरची त्यांची मालिका मुळात जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात रोल्फ स्टाइनोर्ट यांनी केलेल्या 'मीट द गिम्प' या व्हिडिओंवर बेतलेली आहे. ब्रेमेनच्या माणसाचा पाठ पवईमार्गे आपल्या भाषेत येतो आणि कोपरखैरण्याच्या वन-बीएचकेत, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्यांच्या साथीने ऐकला जातो, याची मला तेव्हाही गंमत वाटली होती.

पहिला धडा हिशेबाचा निघाला. फ्रेमसाठी आजीचा चेहरा चार इंच उंच हवा. चांगल्या छपाईला इंचाला तीनशे ठिपके लागतात, म्हणजे चेहऱ्याला बाराशे पिक्सेल. मूळ फोटोतला चेहरा जेमतेम एक सेंटिमीटर. मोबाइलने फोटोचा फोटो काढून भागणार नव्हतं. बेलापूरच्या एका ओळखीच्या ऑफिसात चांगला स्कॅनर होता. त्यावर १२०० डीपीआयला स्कॅन केला तेव्हा चेहऱ्याच्या वाट्याला सुमारे ४७० पिक्सेल आले. अडीच पटीच्या आसपास ताणायचं. म्हणजे जमण्यासारखं होतं. पण एवढ्या जवळून पाहिल्यावर फोटोतलं सगळं दिसू लागलं: मॅट कागदाची दाणेदार जाळी, ट्रंकेतली धूळ, एक तिरका ओरखडा, कुणाच्या तरी बोटाचा ठसा. आणि या सगळ्या गर्दीत हनुवटीवरचे ते तीन ठिपके, एकेक सहा-सात पिक्सेलांचा. धुळीच्या कणापेक्षाही लहान. दादांना ती बुरशी वाटली, यात नवल नव्हतं.

डाग घालवण्याची गिम्पमध्ये दोन मुख्य हत्यारं आहेत. पहिलं क्लोन. हे सरळसरळ ठिगळ लावतं: कंट्रोल दाबून चांगल्या कातडीवर क्लिक करायचं, मग खराब जागी ब्रश फिरवायचा, इथलं उचलून तिथे. कपाळावरची कातडी गालावर चिकटवली की गाल कपाळासारखा चमकतो. दुसरं हील, ज्याच्या चित्रावर बँडेजच्या पट्ट्यांची फुली आहे. हे हुशार रफूगारासारखं चालतं. पोत दुसरीकडून घेतं, पण रंग आणि उजेड जिथे लावायचं तिथल्या आजूबाजूचा धरतं, त्यामुळे शिवण दिसत नाही. पहिल्या रात्री मला या हीलचं व्यसनच लागलं. ओरखडा गेला, धूळ गेली, मग डोळ्यांखालची वर्तुळं गेली, ओठांजवळच्या रेघा गेल्या. एक वाजता मान वर करून पाहिलं तर पडद्यावर स्टुडिओतलीच बाई परत आली होती. दादांना पाच मिनिटं लागली होती, मला पाच तास.

तेव्हा कळलं की हात शिकणं सोपं आहे, थांबणं अवघड. दुसऱ्या दिवसापासून एक नियम केला. मूळ फोटो सगळ्यांत खालच्या लेयरवर, म्हणजे थरावर, कुलूप लावून. काम वरच्या लेयरवर. दर दहा मिनिटांनी वरच्या लेयरचा डोळा मिटायचा, म्हणजे तो लपवायचा, आणि खालची आजी पाहायची.

कागदाच्या जाळीवर उपाय सापडला तो 'वेव्हलेट डीकंपोज' नावाच्या सोयीत. नाव भीतीदायक आहे, काम चाळणीचं. घरात जात्यावरचं पीठ चाळताना कोंडा, रवा, पीठ वेगळं करतात, तशी ही सोय फोटो एकाखाली एक पाच चाळण्यांतून काढते. अगदी बारीक तपशील पहिल्या लेयरवर, त्याहून जाड दुसऱ्यावर, असं करत पाचव्यापर्यंत. आणि शेवटी उरतो तो नुसता रंग आणि सावलीचा धूसर गोळा. सगळे लेयर पुन्हा एकावर एक ठेवले की मूळ फोटो जसाच्या तसा. जाळी दुसऱ्या चाळणीत सापडली. तेवढ्याच लेयरवर हलका हात फिरवला, बाकीच्यांना स्पर्श केला नाही. सुरकुत्या तिसऱ्या-चौथ्या चाळणीत होत्या. त्या तिथेच राहू दिल्या.

गोंदणाचा प्रश्न मात्र उरला. कपाळावर आणि हनुवटीवर मिळून दहा-बारा गडद कण होते. त्यांतलं गोंदण कोणतं, बुरशी कोणती, चामखीळ कोणती? उत्तर मिळालं ते अपघाताने. रंगीत फोटो म्हणजे लाल, हिरव्या आणि निळ्या उजेडाच्या तीन चित्रांचं मिश्रण. गिम्पमध्ये ती तिन्ही वेगळी काढून करड्या रंगात पाहता येतात. लाल वाहिनीतलं चित्र उघडलं आणि मी खुर्चीत सरळ बसलो. माणसाच्या कातडीतले लालसर-तपकिरी डाग लाल उजेडात जवळजवळ विरून जातात, आणि हिरवट-निळी शाई लाल उजेड गिळते म्हणून काळी दिसते. चेहऱ्यावरचे बरेचसे कण फिके पडले होते. कुंकूही गायब. उरले होते भुवयांच्या मधलं एक पुसट चिन्ह आणि हनुवटीवरचे तीन ठिपके, सरळ रेषेत नव्हे, त्रिकोणात. सॉफ्टवेअरला डाग आणि खूण यांतला फरक दाखवता येत होता. फक्त त्याला कुणीतरी तसं विचारायला हवं होतं, आणि विचारणाऱ्याला गोंदण म्हणजे काय ते माहीत असायला हवं होतं.

टचिंग हे काही संगणकाने आणलेलं खूळ नव्हे. १८५५ च्या पॅरिसमधल्या जागतिक प्रदर्शनात म्युनिकच्या फ्रान्झ हान्फश्टेंगल याने हात फिरवलेली निगेटिव्ह आणि तिचे आधीचे-नंतरचे ठसे मांडले आणि बघ्यांची गर्दी झाली, असं छायाचित्रणाच्या इतिहासात सांगतात. आपणही फार मागे नव्हतो. १८५४ साली मुंबईत बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले नामांकित छायाचित्रकार. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला, आणि तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत व्यावसायिक स्टुडिओ काढला. काचेच्या आणि नंतर फिल्मच्या निगेटिव्हवर अणकुचीदार शिसपेन्सिलीने बारीक ठिपके देऊन सुरकुत्या भरणं, पात्याने खरवडून सावली काढणं, छापील फोटोवर तैलरंग चढवणं हे स्टुडिओतल्या कारागिरांचं रोजचं काम होतं. गिम्पमधल्या 'डॉज' या उजळवणाऱ्या हत्याराच्या चित्रात काडीवर गोल चकती दिसते. डार्करूममध्ये तारेला पुठ्ठ्याची चकती लावून कागदावर पडणारा उजेड अडवत, म्हणजे तेवढा भाग फिका उठे. ती चकती आता बटण झाली आहे.

आणि आपल्या दिवाळी अंकांचाही यात हात आहे. १९०९ मध्ये का. र. मित्र यांनी 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तिथून ही परंपरा धरतात. पुढे रघुवीर मुळगावकरांनी एअरब्रशने रंगवलेल्या मुखपृष्ठांनी घराघरांतल्या भिंती व्यापल्या. त्या चेहऱ्यांवर रंध्र नाही, रेघ नाही. रंगाच्या फवाऱ्यातून उतरलेली, आतून दिवा लावल्यासारखी कांती. मुळगावकर चित्र काढत होते, अस्तित्वात नसलेल्या स्त्रीचं, आणि ते त्यांनी अजोड केलं. पण ती कांती पाहत तीन पिढ्या वाढल्या. आज गिम्पच्या पेटीतही एअरब्रश आहे, आणि आपण तो खऱ्या माणसांवर चालवतो.

रंगाचा धडा सगळ्यांत उशिरा आणि सगळ्यांत लागट मिळाला. जुना फोटो पिवळा पडलाय असं समजून मी 'ऑटो व्हाइट बॅलन्स' दाबलं. हे बटण लाल, हिरवी, निळी वाहिनी एकेकटी घेऊन, दोन्ही टोकांचे ०.०५ टक्के पिक्सेल सोडून, पूर्ण ताणतं; जो रंग जास्त झालाय असं वाटेल तो आपोआप मागे सारला जातो. निकाल असा की हळदीच्या फोटोतली हळद गेली. आजीच्या गालावर, काकांच्या बनियनवर, कनातीवर राख फासल्यासारखा निळसर करडेपणा आला. यंत्राच्या लेखी पिवळा हा बिघाड होता. आमच्या लेखी तो दिवसच पिवळा होता.

यंत्राला अशी समजूत कुणीतरी घालून दिलेली असते. कोडॅक कंपनी पूर्वी रंगीत छपाई जुळवण्यासाठी लॅबना एक नमुना कार्ड द्यायची, 'शर्ली कार्ड' म्हणून ओळखलं जाणारं. त्यावर गोऱ्या बाईचा चेहरा. तिची कातडी बरोबर उठली की यंत्र बरोबर, मग सावळी माणसं काळवंडली तरी चालेल, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे तर यंत्राला दोष देण्याचीही सोय नाही. आपणच काउंटरवर उभं राहून 'थोडं उजळ करा' म्हणतो. २०२० मध्ये गोरेपणाच्या क्रीमने नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला, त्याच वर्षी शादी डॉट कॉमने वर्णावरून स्थळं चाळण्याची सोय काढून टाकली. स्टुडिओतल्या दादांना विचारलं, काही फरक पडला का? ते हसले. "आता 'गोरं करा' म्हणत नाहीत. 'ग्लो आणा' म्हणतात."

सरकारला मात्र टचिंगवाल्यांचा भरवसा नाही. आधारचा फोटो केंद्रावरच काढतात, पासपोर्टचाही सेवा केंद्रातल्या खिडकीवर. आणि पासपोर्टच्या अर्जात एक रकाना असतो: शरीरावरील दिसणारी खूण. वडिलांच्या नोकरीच्या कागदांतही तो होता. त्यांनी 'उजव्या भुवईवर व्रण' असं लिहून दिलं होतं. बाजारात गोणी उतरवताना हुक लागला होता. जे आपण फोटोतून पुसायला पैसे देतो, तेच सरकार आपण आपणच आहोत याचा पुरावा म्हणून लिहून घेतं.

फोटो पुरा व्हायला सव्वा महिना लागला. शेवटी एक पेच पडला. लाल वाहिनीत भुवयांमधलं गोंदण दिसत होतं, पण त्याचा आकार स्पष्ट नव्हता. आई म्हणाली तुळस होती. गावाकडची चुलती म्हणाली चांद होता. आत्या म्हणाली, नुसते पाच ठिपके. बारीक ब्रश घेऊन मला हवं ते काढता आलं असतं; आजकाल मोबाइलवरची एआयची अॅपं तर न विचारताच काढून देतात, पापण्यांसकट. मी काढलं नाही. फोटोत जेवढं होतं तेवढंच, हिरवट, पुसट, जरा गडद करून ठेवलं. ज्याला तुळस आठवते त्याला ती दिसते, ज्याला चांद आठवतो त्याला चांद.

वर्षश्राद्धाला गावी ती फ्रेम नेली. आईने काचेवर बोट टेकवलं, नेमकं हनुवटीवर, आणि काही बोलली नाही. छापील प्रत मी स्टुडिओतल्या दादांनाही दाखवली होती. त्यांनी चष्मा वर करून पाहिली आणि विचारलं, "लाल वाहिनी म्हणजे कुठं जाऊन काढायची?" मी त्यांच्या संगणकावर गिम्प टाकून दिलं. आता म्हातारी माणसं आली की ते आधी विचारतात, गोंदण आहे का.

गावाहून परतल्यावर एका सकाळी आई नेसून तयार होऊन खिडकीशी बसली. "माझा फोटो आत्ताच काढून ठिव," ती म्हणाली. "मागाहून ट्रंका उसकत बसू नकोस." उजेड चांगला होता. काढला, लॅपटॉपवर उघडला, चौकट नीट केली आणि अभिमानाने सांगितलं, "बघ, काहीसुद्धा पुसलेलं नाही."

तिने चष्मा लावून पाहिलं. गालांवर वांग होतं, बरीच वर्षं उन्हातान्हात उमटत गेलेलं.

"वांग जरा कमी कर की," ती म्हणाली.

"अगं, पण आजीच्या वेळी तू—"

"त्यांना इचारता येत न्हवतं," आई म्हणाली. "मला येतंय न्हवं?"

मी नवा लेयर घेतला, हील उचललं, दोन्ही गालांवरून फिरवलं. मग ऑपॅसिटीची, म्हणजे तो लेयर किती दिसावा याची, पट्टी हळूहळू मागे ओढत गेलो आणि तिला म्हटलं, कुठं थांबू ते तू सांग. ती पडद्याच्या अगदी जवळ आली. ऐंशी, सत्तर, साठ. पंचेचाळीसला तिने माझ्या मनगटावर हात ठेवला.